तिथी बघून विवर निवडा: चंद्रनिरीक्षणाची रीत

पौर्णिमेला हौसेने दुर्बीण बाहेर काढणारे पुष्कळ असतात, आणि पांढऱ्याफटक चकतीकडे दहा मिनिटं बघून ती परत गुंडाळणारेही. दुर्बिणीत खोट नसते. पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर जवळजवळ आपल्या पाठीमागून पडतो, त्यामुळे तिथल्या डोंगरांच्या सावल्या त्यांच्याच आड लपतात. चंद्रावर हवा नाही, धुकं नाही, रंगांतही फारसा फरक नाही. उंच-सखल कळण्याचं साधन एकच, सावली. विवरं बघायची म्हणजे त्यांच्या सावल्या बघायच्या. म्हणून "दुर्बीण कोणती घेऊ?" याच्या आधी "आज तिथी कोणती?" हे विचारा.

तिथीवरून चंद्राचा नकाशा

सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. चंद्रावर दिवस आणि रात्र यांच्यामधली जी सीमा असते, तिला टर्मिनेटर म्हणतात. ती सीमाही त्याच हिशेबाने सरकते, तिथीमागे १२ रेखांश. अमावास्या संपताना ती चंद्राच्या पूर्व कडेवर, म्हणजे ९० अंश पूर्वेला असते. शुक्ल अष्टमीच्या मध्यावर, चंद्र बरोबर अर्धा असताना, ती शून्य रेखांशावर येते आणि पौर्णिमा संपताना ९० अंश पश्चिमेला पोचते.

म्हणजे पंचांग हाताशी असलं की अर्धं काम झालं. तिथीचा आकडा १२ ने गुणा आणि ९० मधून वजा करा. ती तिथी संपताना टर्मिनेटर कुठे असेल ते मिळतं. पंचमीला ९० उणे ६०, म्हणजे ३० अंश पूर्व. दशमीला उत्तर उणे ३० येतं, म्हणजे ३० अंश पश्चिम. त्या रेखांशाच्या आसपास, उजेडाच्या बाजूला दहा-बारा अंशांच्या पट्ट्यात जी विवरं असतील, ती त्या रात्रीची. बाकीचा चंद्र त्या दिवशी सोडून दिला तरी चालेल.

हाच हिशेब कृष्ण पक्षालाही जसाच्या तसा लागू पडतो. शुक्ल पक्षात ज्या तिथीला एखाद्या विवरावर सूर्य उगवतो, कृष्ण पक्षात त्याच आकड्याच्या तिथीला तिथे मावळतो. शुक्ल षष्ठीला थिओफिलसवर सकाळ, कृष्ण षष्ठीला संध्याकाळ. सावल्या तेव्हा उलट दिशेला पडतात आणि ओळखीची जागाही नवखी वाटते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. रात्री आठ वाजता पुढची लागलेली असू शकते, म्हणून तिथी संपण्याची वेळ बघा. दुसरी गोष्ट लायब्रेशनची. चंद्र आपल्याला नेहमी एकच बाजू दाखवतो, पण ती किंचित डोलते: पूर्व-पश्चिम साधारण ८ अंश आणि उत्तर-दक्षिण साडेसहा अंशांपेक्षा थोडी जास्त. या डोलण्यामुळेच वेगवेगळ्या वेळी मिळून चंद्राचा ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला दिसतो. आपल्या हिशेबातही त्यामुळे अर्ध्या-पाऊण तिथीचा फरक पडतो. आज डोलणं कुठल्या बाजूला आहे, हे कळायला मारे क्रिसियम हा सुटा, लंबगोल काळा डाग कडेपासून किती आत आहे ते बघा. तो कडेला चिकटल्यासारखा असेल तर पश्चिम कड आपल्याकडे वळलेली आहे. चांगला आत असेल तर पूर्व कड.

दिशांचा घोळ आधी मिटवा

चंद्रावर पूर्व म्हणजे मारे क्रिसियमची बाजू. आकाशात ही बाजू आपल्या पश्चिम क्षितिजाकडे असते, आणि नवख्यांचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला सूर्य जिकडून उगवताना दिसतो ती पूर्व, असं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९६१ मध्ये ठरवलं. त्याआधीच्या नकाशांवर पूर्व-पश्चिम नेमक्या उलट असतात, त्यामुळे जुना नकाशा हाती आला तर तेवढं तपासून घ्या.

त्यात दुर्बीण आपली भर घालते. आरशाच्या न्यूटोनियन दुर्बिणीत चित्र पूर्ण उलटं दिसतं. नकाशा डोक्यावर उभा केला की जुळतो. भिंगाच्या दुर्बिणीला मागे डायगोनल (उजेड काटकोनात वळवणारा आरसा) लावला असेल तर चित्र सुलटं पण डावं-उजवं बदललेलं दिसतं, आणि कागदी नकाशा कितीही फिरवला तरी तो जुळत नाही. अशा वेळी व्हर्च्युअल मून अ‍ॅटलससारखी मोफत संगणकीय प्रणाली बरी. तीत चित्र हवं तसं पलटवता येतं आणि त्या घडीचा टर्मिनेटरही दिसतो.

साधनं

नुसत्या डोळ्यांनी सागर (नकाशावर "मारे") दिसतात, म्हणजे लाव्हा थिजून झालेली काळसर मैदानं. शुक्ल द्वितीया-तृतीयेला कोरीच्या पोटातला अंधारा भागही पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात मंद उजळलेला असतो. १० × ५० ची द्विनेत्री ट्रायपॉडवर बसवली तर टायको, कोपर्निकस, थिओफिलस, क्लेव्हियस ही मोठी विवरं योग्य तिथीला स्पष्ट ओळखू येतात. हातात धरून मात्र नाही. हात थरथरतो तेवढ्यात सगळं बारीक काम पुसलं जातं.

दुर्बीण घ्यायची असेल तर ७० मिमी व्यासाची भिंगाचीही चंद्राला पुष्कळ होते. चंद्राच्या अंतरावर एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे साधारण १.९ किलोमीटर. ७० मिमीच्या दुर्बिणीत ६ ते ८ किलोमीटरचं विवर विवर म्हणून ओळखू येतं, १५० मिमीच्या दुर्बिणीत चांगल्या रात्री ३ किलोमीटरपर्यंत उतरता येतं. त्याहून मोठी दुर्बीण घेतली तरी बहुतेक रात्री मर्यादा हवेची असते. खोक्यावर छापलेल्या "५०० पट"कडे लक्ष देऊ नका. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याशी असलेल्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की किती पट मोठं दिसेल ते मिळतं: ९०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला तर ३६ पट, १० मिमीचा लावला तर ९० पट. कमी पटीत पूर्ण चंद्र बघून जागा निश्चित करा, मग वाढवा. १०० ते १५० पटींच्या पुढे क्वचितच काही नवं मिळतं.

मून फिल्टर हा चैनीचा भाग आहे. चंद्राच्या उजेडाने डोळ्याला इजा होत नाही, फक्त दिपतं. जवळ एखादा दिवा चालू ठेवला किंवा पट वाढवले तरी तो त्रास कमी होतो. इतर आकाशनिरीक्षणासारखा गडद अंधार इथे लागतच नाही. रस्त्यावरच्या दिव्यांच्या झगमगाटातूनही चंद्र तितकाच चांगला दिसतो. एकच नियम मोडू नका: कोर शोधताना सूर्य पुरता मावळल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे वळवायची नाही.

रात्रीची तयारी

दुर्बीण अर्धा तास आधी उघड्यावर ठेवा, तिचं तापमान बाहेरच्या हवेशी जुळू द्या. खिडकीच्या काचेतून बघू नका. दिवसभर तापलेल्या छपराच्या वरून चंद्र बघायची वेळ आली, तर तो उकळत्या पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसेल. चंद्र जितका वर, तितकी मध्ये हवा कमी. उत्तर गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी शुक्ल पक्षातला चंद्र उंच असतो. कृष्ण पक्षासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरची पहाट चांगली.

फोकस नेहमी टर्मिनेटरवर साधा, कडेवर नको. काळ्या-पांढऱ्याच्या धारदार सीमेवर तो चटकन लागतो. त्यानंतर घाई सोडा. हवा क्षणभर थांबते आणि चित्र लख्ख होऊन पुन्हा लहरायला लागतं. जे काही दिसायचं ते त्या क्षणांत दिसतं. डोळा आयपीसला लावून पाच मिनिटं एकाच विवरावर थांबणाऱ्याला साध्या दुर्बिणीतही जास्त दिसतं.

कोणत्या तिथीला काय बघायचं

शुक्ल तृतीयेला पूर्व कडेजवळ लँग्रेनस आणि पेटाव्हियस असतात. पेटाव्हियस जवळपास १८० किलोमीटर रुंद, आणि त्याच्या मध्यशिखरापासून भिंतीपर्यंत गेलेली सरळ भेग लहान दुर्बिणीतही दिसते. चतुर्थीला मेसिए आणि मेसिए ए ही जोडी शोधा. विवरं लहान आहेत, पण त्यांच्यापासून पश्चिमेकडे धूमकेतूच्या शेपटीसारखे दोन पट्टे निघतात. ही विवरं ज्या उल्केने पाडली तिची धडक अगदी तिरपी झाली असली पाहिजे. पंचमीला ट्रँक्विलिटाटिस सागराच्या पूर्व भागात आर्यभट नावाचं २२ किलोमीटरचं विवर आहे. लाव्हाने ते इतकं भरून टाकलं आहे की कडेची एक कमान तेवढी उरली आहे. तिरप्या उजेडाशिवाय ती हाती लागत नाही.

षष्ठीची रात्र सोडू नका. थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही प्रत्येकी सुमारे १०० किलोमीटरची तीन विवरं एका रांगेत असतात, आणि कुठलं आधी झालं हे तुम्ही स्वतः ठरवू शकता. थिओफिलसची भिंत सिरिलसच्या भिंतीवर चढली आहे, म्हणजे थिओफिलस नंतरचं. त्याच्या पायऱ्या आणि मध्यशिखरं अजून रेखीव आहेत. सिरिलस झिजलेलं, कॅथरिना त्याहून विस्कटलेलं. चंद्राच्या इतिहासाची कालगणना याच साध्या नियमावर उभी राहिली: जे वर चढलं ते धाकटं. त्याच रात्री सेरेनिटाटिस सागरात १६ किलोमीटरच्या बेसेलजवळ ८ किलोमीटरचं साराभाई विवर आहे. १०० मिमी दुर्बिणीला ही बरी परीक्षा.

अष्टमीला गर्दी होते. उत्तरेला अ‍ॅपेनाइन पर्वतरांग सुमारे ६०० किलोमीटरची कमान घालते. तिच्या उत्तरेला चंद्रावरचाच आल्प्स पर्वत चिरून गेलेली सरळ दरी आहे. मध्यावर टॉलेमी, अल्फॉन्सस, आर्झाकेल हे त्रिकूट एकाखाली एक: टॉलेमीचा तळ १५० किलोमीटरहून रुंद आणि लाव्हासारखा सपाट, अल्फॉन्ससमध्ये शिखर आणि काळे ठिपके, आर्झाकेलमध्ये ठसठशीत पायऱ्या. १९६५ च्या मार्चमध्ये रेंजर ९ हे यान यांतल्या अल्फॉन्ससमध्येच आदळवलं होतं. चंद्र अर्धा होण्याच्या जरा आधी, वर्नर विवराजवळ अंधारातच उजळलेल्या कडांचा एक "एक्स" उमटतो. तो साधारण चार तास टिकतो, त्यामुळे दर महिन्याला प्रत्येक ठिकाणाहून दिसेलच असं नाही.

नवमीला टायको, क्लेव्हियस, प्लेटो आणि सरळ कडा. क्लेव्हियस सव्वादोनशे किलोमीटरचं, आणि त्याच्या आत क्रमाने लहान होत गेलेल्या विवरांची वळणदार माळ आहे. तुमची दुर्बीण यांतली किती दाखवते ते मोजा. उत्तरेला प्लेटो: १०० किलोमीटरचा काळा, गुळगुळीत तळ, आणि सूर्योदयाच्या वेळी त्यावर पसरलेल्या पूर्वेकडच्या भिंतीच्या टोकदार सावल्या. तासाभरात त्या आखडताना दिसतात. तळावर दोन-तीन किलोमीटरची काही विवरं आहेत, पण ती दिसायला मोठी दुर्बीण आणि स्थिर हवा दोन्ही लागतात.

मारे न्यूबियममधला सरळ कडा, रुपेस रेक्टा, हे तिथीचं महत्त्व समजावणारं सर्वोत्तम उदाहरण. जमीन खचून तयार झालेला सुमारे ११० किलोमीटर लांबीचा, २४० ते ३०० मीटर उंचीचा हा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे. शुक्ल नवमीला सूर्य त्याच्या पाठीमागून येतो आणि तिथे पेनने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. पौर्णिमेच्या सुमारास ती सापडत नाही. कृष्ण अष्टमीला ऊन समोरून पडतं आणि तीच रेघ पांढरी होते.

दशमी कोपर्निकसची. ९३ किलोमीटर रुंद, ३.८ किलोमीटर खोल, आत पायऱ्या, मधोमध शिखरांचा पुंजका, आणि भोवती बाहेर फेकलेल्या दगडमातीचा खडबडीत पसारा. शेजारी ५८ किलोमीटरचं एराटोस्थेनिस आहे. दोन्ही एकाच वयाची वाटतात, पण कोपर्निकसचे पांढरे किरणपट्टे (धडकेत दूर उडालेल्या दगडमातीचे पट्टे) एराटोस्थेनिसवर पसरले आहेत, म्हणून कोपर्निकस धाकटं. त्याचं वय साधारण ८० कोटी वर्षं मानतात. याच सुमारास हॉर्टेन्सियसच्या उत्तरेला लाव्हाचे बुटके घुमट असतात. ते दिसण्याची वेळ थोडी. एकादशीच्या आसपास सायनस इरिडम या उपसागराच्या काठचे पर्वत, तळ अंधारात असताना, उजेडात येतात. द्वादशीला पश्चिमेकडे गॅसेंडीच्या भेगाळलेल्या तळावर आणि अ‍ॅरिस्टार्कसवर सूर्य उगवलेला असतो. अवघ्या ४० किलोमीटरचं अ‍ॅरिस्टार्कस हे चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूवरचं सर्वांत लखलखीत मोठं विवर. त्याच्या शेजारून श्रोटर दरी नागमोडी वळत जाते.

आणि पौर्णिमा? ती किरणपट्ट्यांसाठी राखून ठेवा. टायकोचे पट्टे दीड हजार किलोमीटरहून दूर गेले आहेत. टायकोचं वय साधारण ११ कोटी वर्षं, चंद्राच्या मानाने अगदी अलीकडचं. म्हणूनच ते पट्टे अजून काळवंडले नाहीत. क्रिसियमच्या पश्चिमेला प्रोक्लस बघा. एका बाजूला त्याचे पट्टेच नाहीत. मेसिएसारखीच हीही तिरपी धडक. एराटोस्थेनिस मात्र पौर्णिमेला शोधून बघाच, जवळपास नाहीसं होतं.

विवर वाचायचं कसं

विवर समोर आलं की चार प्रश्न विचारा. आकार वाटीसारखा साधा आहे का? साधारण १५ किलोमीटरपर्यंतची विवरं तशीच असतात. त्याहून मोठ्यांचा तळ सपाट होतो, भिंती घसरून पायऱ्या पडतात, मध्ये शिखर उसळतं. मग तळ बघा: काळा, गुळगुळीत असेल तर नंतर लाव्हा भरला. कड धारदार आहे की झिजलेली? आणि शेवटी, कोण कोणावर चढलं आहे? या चार उत्तरांवर बहुतेक विवरांचं चरित्र लिहिता येतं. कधीकधी डोळा फसतो आणि खड्डा उंचवट्यासारखा दिसायला लागतो. तेव्हा सूर्य कुठल्या बाजूला आहे ते आठवा: उजेडाकडची आतली भिंत अंधारी असेल तर तो खड्डाच.

सावलीवरून उंचीही काढता येते. गॅलिलिओने १६०९ मध्ये, अंधाऱ्या बाजूला सुटी चमकणारी शिखरं टर्मिनेटरपासून किती दूर आहेत यावरून चंद्रावरच्या डोंगरांची उंची ताडली. आपल्याला सोपी रीत पुरेल. विषुववृत्ताजवळची जागा टर्मिनेटरपासून जितके अंश दूर, तितका सूर्य तिथे क्षितिजाच्या वर. आणि तिथे एक अंश म्हणजे सुमारे ३० किलोमीटर. सूर्य १ अंशावर असताना सावली उंचीच्या ५७ पट असते, ५ अंशांवर सुमारे ११ पट, १० अंशांवर साडेपाच पटींहून थोडी जास्त. कोपर्निकसची ३.८ किलोमीटरची भिंत सूर्य ५ अंशांवर असताना ४३ किलोमीटरची सावली टाकते, म्हणजे विवराचा जवळपास अर्धा भाग काळा. सावलीची लांबी विवराच्या रुंदीशी ताडून किलोमीटरमध्ये काढा, त्या पटीने भागा, उंची मिळाली. हे केलं की एक भ्रमही जातो. टर्मिनेटरवर अक्राळविक्राळ दिसणारं कोपर्निकस रुंदीच्या पंचविसाव्या हिश्शाइतकंच खोल आहे, परातीसारखं उथळ.

सूर्य तिथे तासाला अर्धा अंश वर चढतो. १ अंशावरून दीड अंशावर गेला की सावली ५७ पटींवरून ३८ पटींवर येते. एकच विवर संध्याकाळी सातला आणि पुन्हा नऊला बघण्यात म्हणूनच मजा आहे.

वही आणि फोन

चित्र काढता येत नाही म्हणून वही टाळू नका. एकच विवर घ्या, आधी सावल्यांच्या बाह्यरेषा ओढा, कारण त्याच बदलणार आहेत. मग कडा, मग छटा. अर्ध्या-पाऊण तासात थांबा. शेजारी तारीख, वेळ, तिथी, दुर्बीण, किती पट, आणि हवेची स्थिरता लिहा. स्थिरतेसाठी अँतोनियादीची १ ते ५ श्रेणी वापरतात. १ म्हणजे उत्तम. काय बघायचं सुचत नसेल तर चंद्राचे अभ्यासक चार्ल्स वुड यांची "लूनर १००" ही यादी धरा. पहिल्या क्रमांकावर स्वतः चंद्र, दुसऱ्यावर पृथ्वीप्रकाश आणि पुढे हळूहळू अवघड होत जाणारी ठिकाणं, अशी तिची रचना आहे.

फोन आयपीसवर अडॅप्टरने घट्ट बसवा. स्क्रीनवर टर्मिनेटरवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक करा, मग उजळ भाग पांढरा फुटणार नाही इतकं एक्स्पोजर खाली ओढा. एका फोटोऐवजी मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. ऑटोस्टॅकर्टसारखी प्रणाली त्यातल्या स्थिर क्षणांच्या चौकटी निवडून एकावर एक रचते. व्हिडिओ आधी तिला चालणाऱ्या प्रकारात बदलून घ्यावा लागतो. धार काढण्याचं (शार्पनिंगचं) काम शेवटी, आणि बेताने करा: विवरांच्या कडांभोवती पांढरी किंवा काळी रेघ दिसायला लागली की एक पाऊल मागे या, ती रेघ चंद्रावर नसते.